कोराच्या रानातली शेवटची फेरी

20 ऑगस्ट 1989. रविवारचा दिवस. केनियातल्या कोरा नावाच्या काटेरी रानावर एक छोटे विमान आले आणि तळावर घिरट्या घालून धावपट्टीकडे गेले. विमान असे डोक्यावर आले की पाहुणे आले असे समजायचे आणि त्यांना आणायला गाडी पाठवायची, हा तिथला शिरस्ता. त्याप्रमाणे तळावर राहायला आलेली एक पाहुणी आणि तिथला एक नोकर गाडी घेऊन निघाले. थोड्याच वेळात त्या दिशेने गोळीबाराचे आवाज आले. तळावरचा 83 वर्षांचा म्हातारा उठला, आपल्या लँड रोव्हरमध्ये बसला, हाताखालची काही माणसे गाडीत चढली आणि गाडी त्याच वाटेने धावू लागली. पुढे बंदुका घेतलेल्या लुटारूंनी पहिली गाडी अडवून धरली होती. म्हाताऱ्याने गाडी थांबवली नाही आणि वळवलीही नाही. वेग वाढवून ती त्याने सरळ बंदुकांच्या रोखाने घातली. गोळ्यांच्या वर्षावात तो आणि त्याची दोन माणसे मरण पावली. पाहुणी मात्र वाचली.

या म्हाताऱ्याचे नाव जॉर्ज ॲडमसन. एल्सा सिंहिणीची गोष्ट सांगणारे 'बॉर्न फ्री' हे पुस्तक किंवा त्यावरचा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जॉय ॲडमसनचे नाव चटकन आठवेल. जॉर्ज तिचा नवरा. पुस्तक तिने लिहिले, कीर्तीही मुख्यतः तिच्या वाट्याला गेली. पण एल्साला घरी आणणारा, तिला शिकार शिकवणारा आणि पुढे वीस वर्षे सिंहांच्या सोबतीने रानात राहणारा माणूस जॉर्जच होता. स्वाहिली भाषेत लोक त्याला बाबा या सिम्बा, म्हणजे सिंहांचा बाप म्हणत.

हा सिंहांचा बाप जन्माने आपल्या इटाव्याचा, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. आयरिश वंशाचे त्याचे वडील ढोलपूरच्या राजाच्या फौजेला कवायत शिकवण्याच्या कामावर होते. 3 फेब्रुवारी 1906 रोजी इटाव्यात जॉर्जचा जन्म झाला. त्याच्या पाठीवरचा भाऊ टेरेन्स. दोघांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. मधल्या काळात आईवडिलांनी केनियात कॉफीचा मळा घेतला होता. 1924 साली, वयाच्या अठराव्या वर्षी जॉर्ज तिथे पोचला आणि मग केनियाचाच झाला.

मळ्यात त्याचे मन रमले नाही. पुढची चौदा वर्षे त्याने नाना उद्योग केले. बकऱ्यांचा व्यापार केला, टोळधाडीच्या बंदोबस्ताची नोकरी केली, परदेशी शिकाऱ्यांना रानात फिरवले, सोन्याच्या शोधात वणवण केली. या शोधात तो एका मित्राबरोबर उत्तरेकडच्या रुडॉल्फ सरोवरापर्यंत पायी गेला. आज त्याला तुर्काना सरोवर म्हणतात. परतीची वाट लांब पडते म्हणून दोघांनी ताडपत्रीची होडी बनवली आणि मगरींनी भरलेले, वाऱ्याने खवळणारे ते पाणी पार केले. सोने काही मिळाले नाही, पण रान मिळाले. 1938 मध्ये तो सरकारच्या वन्यप्राणी खात्यात लागला आणि उत्तर सीमाप्रांताच्या राखणदारीवर इसिओलोला राहू लागला.

हा प्रांत म्हणजे एक लाख चौरस मैलांच्या आसपासचा कोरडा, उजाड मुलूख. शिरस्ता असा की उंटांवर किंवा गाढवांवर सामान लादायचे आणि आठवडेच्या आठवडे पायी गस्त घालायची. चोरटी शिकार रोखायची, माणसे किंवा गुरे मारणाऱ्या सिंहांचा आणि हत्तींचा बंदोबस्त करायचा. इसिओलोसारख्या गावी सामान भरायला जावे, तर दुकान हिंदुस्थानी माणसाचे. तिथल्या भाषेत दुकानाला आजही दुका म्हणतात आणि मोटारीला गारी. हा आपल्या दुकानाचा आणि गाडीचाच शब्द, समुद्र ओलांडून गेलेला. सफारी हा शब्द तर आपल्या सफरीचा सख्खा भाऊ.

1948 साली इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने लँड रोव्हर बाजारात आणली आणि पूर्व आफ्रिकेतल्या प्रवासाची रीतच बदलली. महायुद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते. साध्या मोटारीत इंजिनाचे बळ दोन चाकांना मिळते. ती दोन चाके वाळूत किंवा चिखलात जागच्या जागी फिरू लागली की गाडी संपली. या गाडीत ते बळ चारही चाकांना देता येई. शिवाय एक जादा गिअर टाकला की वेग अगदी कमी, पण ओढ जबरदस्त. उभ्या चढावर किंवा ओढ्याच्या दगडगोट्यांतून ती बैलासारखी एकेक पाऊल टाकत जाई.

तरी गाडी म्हणजे जादूचा घोडा नव्हे. तिकडचे रान बाभळीचे आणि आपल्या गुग्गुळाच्या जातकुळीतल्या काटेरी झुडपांचे. सुईसारखे लांब काटे टायर भेदून ट्यूबपर्यंत पोचत. मग चाक काढा, टायर उचकटा, ठिगळ लावा आणि हातपंपाने हवा भरा. कोरड्या नदीची वाळू आली की टायरमधली हवा मुद्दाम कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि चाक रुतत नाही. पलीकडे गेल्यावर पुन्हा पंप हाणायचा. उंच गवतातून जाताना गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत गच्च बसते आणि पाणी उकळू लागते. गाडीच्या पोटाखाली, धुराच्या तापलेल्या नळीपाशी सुके गवत अडकले तर गाडी पेटते. आणि पाऊस पडला की काही भागांत आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी कापसाची जमीन. ओली झाली की ती टायरच्या नक्षीत भरून बसते, चाक गुळगुळीत होते आणि चारही चाके फिरूनही गाडी तसूभर हलत नाही. अशा वेळी फांद्या तोडून चाकांखाली घालायच्या, नाहीतर निमूट बसून उन्हाची वाट पाहायची. जॉर्जला ही वाट पाहण्याची विद्या चांगली साधली होती. तो घाईचा माणूस नव्हता. पाइप ओढत, कमी बोलत, तासन् तास एका जागी बसू शकणारा होता.

1944 साली त्याने जॉयशी लग्न केले होते. ती ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मलेली, चित्रकार, हट्टी आणि उत्साहाने ओसंडणारी. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. संसार बराचसा तंबूत आणि गाडीत चालला.

1 फेब्रुवारी 1956 रोजी त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. एका नरभक्षक सिंहाच्या मागावर जॉर्ज सहकाऱ्याबरोबर गेला होता. खडकांतून एक सिंहीण अचानक चालून आली. गोळी घालण्यावाचून इलाज नव्हता. ती पडल्यावर त्याच्या लक्षात आले की तिच्या स्तनांत दूध आहे. ती पिलांसाठी चालून आली होती. खडकाच्या कपारीत काही दिवसांची तीन पिले सापडली. जॉर्जने ती उचलली आणि लँड रोव्हरमध्ये घालून तळावर आणली. तळावर जॉय वाट पाहत होती. काटेरी झुडपांतून वाट काढत आलेल्या त्या गाडीच्या मागच्या भागातून एल्साची गोष्ट जगात आली. तिघींपैकी थोरल्या दोघी हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेल्या. सर्वांत लहान एल्सा राहिली.

एल्साला गाडी फार आवडे. मोठी झाल्यावर ती उडी मारून लँड रोव्हरच्या टपावर बसे आणि तिथून रानावर नजर ठेवी. रुडॉल्फ सरोवराच्या सफरीवर त्यांनी तिलाही नेले. गाड्यांची वाट संपली तिथून पुढे गाढवांवर सामान लादून काठाकाठाने पायी प्रवास झाला. सिंहीण माणसांबरोबर चालत होती. गाढवांचा मोह मात्र तिला अधूनमधून अनावर होई.

हिला आता पिंजऱ्यात पाठवायचे की रानात सोडायचे? माणसाळलेला सिंह रानात टिकत नाही, असे तेव्हा जाणकारांचे मत होते. ॲडमसन दांपत्याने सोडायचे ठरवले. पहिल्या जागी एल्सा आजारी पडली, तिला पुन्हा गाडीत घालून दुसरीकडे न्यावे लागले. शेवटी मेरू भागात, टानाला मिळणाऱ्या एका छोट्या नदीकाठी, ती शिकार करू लागली आणि रानातल्या सिंहाशी तिची जोडी जमली. डिसेंबर 1959 मध्ये तिला तीन पिले झाली आणि काही आठवड्यांनी ती पिलांना घेऊन तळावर आली. 1960 साली 'बॉर्न फ्री' प्रसिद्ध झाले आणि एल्सा जगभर पोचली. जानेवारी 1961 मध्ये, वयाची पाच वर्षे पुरी होण्याआधीच, गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने ती मेली. त्या रात्री जॉर्ज तिच्याजवळ होता.

आईविना पोरकी झालेली पिले आसपासच्या वस्त्यांमधल्या शेळ्या मारू लागली. लोकांनी बाण मारले, त्यातल्या एकाचे टोक जेस्पा नावाच्या पिलाच्या अंगात रुतून राहिले. आता त्यांना हलवणे भाग होते. पिंजरे लॉरीवर चढवून, पावसापाण्यातून, डोंगराळ थंडीतून शेकडो मैलांचा प्रवास करून त्यांना आजच्या टांझानियातल्या सेरेंगेटीत सोडले. पण जेस्पाची जखम जॉर्ज-जॉयला स्वस्थ बसू देईना. सेरेंगेटीच्या मोकळ्या माळावर ती दोघे महिनोन् महिने लँड रोव्हरने पिलांचा माग काढत हिंडली. रात्री गाडीतच झोपायचे. अंधारात दिवे लावून ठेवायचे, की उजेड ओळखीचा वाटून पिले येतील. इतर सिंह येत, गाडीभोवती फिरून जात. जेस्पा काही आला नाही. या काळात जॉर्जने सरकारी नोकरी सोडली होती.

पुढे 'बॉर्न फ्री'चा चित्रपट केनियात तयार झाला. 1966 साली तो पडद्यावर आला. सिंहांच्या कामासाठी जॉर्ज सल्लागार होता. चित्रीकरण संपले तेव्हा बहुतेक सिंह प्राणिसंग्रहालयांत रवाना झाले. मोजके काही त्याने मागून घेतले आणि मेरूत नेऊन स्वतंत्र जगायला शिकवले. त्यातला बॉय हा त्याचा लाडका.

इथपर्यंतची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. पुढची तशी नाही. 1969 साली बॉयने मेरूच्या रक्षकाच्या उघड्या मोटारीत बसलेल्या त्याच्या लहान मुलाला चावा घेतला. मूल वाचले, पण जॉर्जला मेरू सोडावे लागले. 1970 मध्ये तो टाना नदीच्या दक्षिणेकडच्या कोरात आला. ही जमीन इतकी काटेरी आणि कोरडी, की कोणालाच नको होती. म्हणूनच ती त्याला भाड्याने मिळाली. मागोमाग 1971 साली बॉयने कोरात जॉर्जच्या हाताखालच्या स्टॅन्ली नावाच्या तरुणाला पकडले. आरडाओरडा ऐकून जॉर्ज धावला आणि ज्या सिंहाला त्याने वाढवले होते, त्याला स्वतःच्या हाताने गोळी घातली. स्टॅन्ली वाचला नाही.

एखादा माणूस इथे थांबला असता. जॉर्ज थांबला नाही, आणि त्याच्या आयुष्याबद्दलचा खरा वाद इथेच आहे. माणसाला न भिणारा सिंह हा रानात जन्मलेल्या सिंहापेक्षा जास्त धोक्याचा, असे टीकाकार म्हणत, आणि त्यात तथ्य होते. 1975 साली त्याचा तरुण सहायक टोनी फिट्झजॉन सिंहाच्या तोंडून कसाबसा वाचला. 1980 साली भाऊ टेरेन्सचा चेहरा सिंहाने फाडला. त्यानंतर सरकारने नवे सिंह आणण्यावर बंदी घातली. एकेका सिंहावर एवढा खर्च आणि एवढे रक्त सांडण्यापेक्षा रानाचे रक्षण करावे, हा मुद्दाही खोटा नव्हता.

जॉर्जने याला उत्तर वादाने दिले नाही, राहून दिले. कोराचा तळ उंच तारेच्या जाळीने वेढलेला होता. पिंजऱ्यात माणसे आणि बाहेर मोकळे सिंह. पाणी टाना नदीतून पिंपांत भरून लँड रोव्हरने आणायचे. सिंहांसाठी उंटाचे मांस आणायचे तेही गाडीतूनच. टेरेन्सला सिंहांचे फारसे प्रेम नव्हते, त्याची आवड रस्ते बांधण्याची. मजुरांची टोळी घेऊन तो वर्षानुवर्षे काटेरी झुडपे तोडत राहिला आणि त्या वाट नसलेल्या रानात मैलोगणती चाकोऱ्या उमटल्या, धावपट्टी तयार झाली. जॉयने पुस्तकांचे उत्पन्न वन्यप्राण्यांसाठीच्या संस्थेकडे वळवले होते. जॉर्जचा तळ मुख्यतः त्याच्या निवृत्तिवेतनावर आणि मित्रांच्या मदतीवर चालला. जॉय स्वतः नैवाशा सरोवराकाठच्या घरी वेगळी राहत असे.

लंडनमधल्या हॅरॉड्स या दुकानात विकला गेलेला ख्रिश्चन नावाचा सिंह याच कोरात आला. 1971 मध्ये त्याचे दोन तरुण मालक भेटायला आले. सिंहाने धावत येऊन दोघांच्या खांद्यांवर पंजे ठेवले. ते चित्रीकरण 2008 साली इंटरनेटवर आले आणि लाखोंनी डोळे पुसले. त्या चित्रीकरणात जी गोष्ट सहज नजरेतून सुटते ती अशी, की जॉर्जचे यश त्या मिठीत नव्हते. पुढे ख्रिश्चन तळापासून लांब लांब जाऊ लागला आणि एक दिवस परत आलाच नाही. जॉर्जचे यश तिथे होते. सेरेंगेटीत जेस्पासाठी रात्रभर दिवे लावून बसलेला माणूस कोराला आल्यावर न येणाऱ्या सिंहाचा आनंद मानायला शिकला होता.

पण ज्या वाटेने पाणी येते, त्या वाटेने इतरही येतात. 1970च्या दशकात हस्तिदंत आणि गेंड्याचे शिंग यांचे भाव चढले. केनियात 1970च्या सुमारास 20,000 गेंडे होते. 1980चे दशक संपताना 400 सुद्धा उरले नाहीत. सीमेपलीकडच्या अशांततेतून स्वयंचलित बंदुका आल्या. जॉयचा 3 जानेवारी 1980 रोजी शाबा अभयारण्यातल्या तिच्या तळाजवळ खून झाला. कामावरून काढलेल्या एका नोकराला त्यासाठी शिक्षा झाली. 1986 मध्ये टेरेन्स गेला. फिट्झजॉन पुढे टांझानियात नव्या कामाला लागला. मित्र जॉर्जला कोरा सोडायला सांगत होते. त्याने सोडले नाही. उलट 1988 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने तीन नवी पिले वाढवायला घेतली.

1989च्या जुलैमध्ये नैरोबीजवळ केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी चोरट्यांकडून जप्त केलेले बारा टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले. देश चोरट्या शिकारीविरुद्ध उभा राहतो आहे, हे जगाला सांगण्यासाठी. त्यानंतर महिनाभराने कोरात तो रविवार उजाडला.

त्या दिवशी जॉर्जला पर्याय होते. तळाच्या जाळीआड थांबता आले असते. त्याच्यापाशी होते फक्त एक पिस्तूल आणि एक जुनी गाडी. ज्या वाटेवरून गोळीबार ऐकू आला ती वाट त्याच्याच तळाची होती आणि त्या वाटेवर अडकलेली माणसे त्याच्या भरवशावर तिथे होती. रानात नेणाऱ्याने रानातून परत आणायचेही असते, एवढाच हिशेब त्याने केला असावा. त्याच्यासोबत गेलेले दोघे जगाच्या बातम्यांत नोकर म्हणून नोंदले गेले. स्टॅन्लीप्रमाणे तेही या गोष्टीचे तेवढेच धनी आहेत. सिंहांच्या बापाचे कौतुक करताना त्यांना विसरणे बरे नव्हे.

कोरात टेरेन्सच्या शेजारी आणि एका सिंहाच्या थडग्याजवळ जॉर्जला पुरले. लवकरच कोराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. शेवटची तीन पिले गॅरेथ पॅटरसन या सिंहप्रेमी लेखकाने बोट्सवानात नेऊन वाढवली. कोणालाच नको असलेले ते काट्यांचे रान आज राखीव आहे. वीसेक सिंह सोडण्यापेक्षाही ही जॉर्जची मोठी कमाई. सिंह कुठे गेले याचा पुरावा देता येत नाही, पण रान जागेवर आहे. टीकाकार म्हणत होते तेच, रानाचे रक्षण, शेवटी घडले. ते एकेका सिंहाच्या नादाने घडले, एवढेच.

जॉर्जच्या जन्मगावी, इटाव्याला, आता सिंह आहेत. तिथे आशियाई सिंहांचे प्रजनन केंद्र आणि सफारी उद्यान उभे राहिले असून 2019 पासून ते लोकांसाठी खुले आहे. पर्यटक बंद गाडीतून जातात, सिंह पाहतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडतात. त्यात वाईट काही नाही. बहुतेकांच्या वाट्याला रान तेवढेच येते. याच गावात जन्मलेल्या एका मुलाने मात्र रानात गाडी घातली ती परत फिरण्यासाठी नव्हती. एका दुधाच्या सिंहिणीला गोळी घातल्याचे देणे त्याच्या अंगावर होते. ते फेडायला त्याला तेहतीस वर्षे लागली.